ही जन्मतारीख कुणी लिहिली? कृष्णवर्णीय इतिहासातले वाढदिवस कसे ठरतात

दिनविशेषाच्या सदरांत फेब्रुवारी आला की एक ओळ हमखास दिसते: '१४ फेब्रुवारी १८१८ – फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म.' डग्लस म्हणजे गुलामीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध लढलेले अमेरिकन लेखक आणि वक्ते. या ओळीतलं साल बरोबर आहे, महिनाही बरोबर आहे, पण तारीख डग्लस यांनी स्वतः ठरवलेली आहे. खरी कुणालाच माहीत नव्हती. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या माणसांच्या बाबतीत हे नेहमीचंच. म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय इतिहासातला कुणाचाही वाढदिवस दिनदर्शिकेत मांडण्याआधी ही तारीख आली कुठून, हे बघावं लागतं. ती कधी एखाद्या जुन्या वहीत सापडलेली असते, कधी त्या माणसानं आपणहून निवडलेली असते, तर कधी सरकारनं सोयीसाठी पुढे-मागे सरकवलेली असते. साजरी तिन्ही होतात. फक्त कुठली तारीख कुठल्या प्रकारची, हे ठाऊक असलं की घोळ होत नाही.

मालकाची वही

डग्लस मेरीलँड राज्याच्या टॅलबट काउंटीत जन्मले. आईचं नाव हॅरिएट बेली. त्यांचा मालक ॲरन अँथनी हा एका बड्या जमीनदाराच्या मळ्यांचा कारभारी होता आणि त्याचे स्वतःचेही गुलाम होते. या गुलामांना झालेल्या मुलांची तो वहीत नोंद ठेवायचा. त्याच वहीत 'फ्रेडरिक ऑगस्टस, हॅरिएटचा मुलगा, फेब्रुवारी १८१८' अशा अर्थाची एक ओळ आहे. दिवस लिहिलेला नाही. मुलाचा वाढदिवस करायचा म्हणून ही नोंद झालेली नव्हती, मालमत्तेत भर पडली म्हणून झाली होती. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, असा कायदा व्हर्जिनियानं १६६२ मध्येच केला होता आणि हीच रीत दक्षिणेत सगळीकडे रुळली. मूल जन्मलं की ते मालकाच्या हिशेबात जमा व्हायचं. १८२६ मध्ये अँथनी वारला, वाटण्या झाल्या, तेव्हा माणसांची किंमत घोडे, मेंढ्या आणि डुकरांच्या शेजारी उभं करून ठरवली गेली. हे डग्लस यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

ही वही डग्लस यांच्या हाती कधीच लागली नाही. मळ्यावरच्या गोऱ्या मुलांना आपलं वय माहीत असायचं आणि आपल्याला ते विचारण्याचीही मुभा नसायची, ही सल त्यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात पहिल्याच पानावर मांडली आहे. गुलामांमध्ये जन्माची आठवण पेरणीच्या दिवसांत, कापणीला, चेरी पिकल्या तेव्हा, अशी सांगितली जायची. १८३५ मध्ये तेव्हाच्या मालकाच्या तोंडून आपण सतरा वर्षांचे असल्याचं त्यांच्या कानावर पडलं होतं आणि त्यावरून त्यांनी हिशेब मांडला. तरी पुढे ते १८१७ हेच साल धरत राहिले. जुन्या पुस्तकांत १८१७ दिसतं ते त्यामुळे. ती छपाईची चूक नाही. अँथनीच्या वहीतली नोंद डिक्सन प्रेस्टन या अभ्यासकानं १९८० मध्ये पुस्तकातून पुढे आणली आणि तेव्हापासून १८१८ रूढ झालं.

मग १४ फेब्रुवारी कुठून आली? डग्लस यांची आई बारा मैलांवरच्या मळ्यावर राबायची. दिवसभराचं काम आटोपून रात्री पायी यायची आणि उजाडायच्या आत परत जायची. तिच्या अखेरच्या भेटींपैकी एकीत तिनं बदामाच्या आकाराचा आल्याचा केक दिल्याचं त्यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. ती त्यांना लाडानं 'व्हॅलेंटाइन' म्हणायची. या आठवणीवरून त्यांनी १४ फेब्रुवारी हा आपला दिवस मानला. आई गेली तेव्हा ते सात वर्षांचे असतील-नसतील.

दिनविशेष लिहिणाऱ्यानं 'जन्म फेब्रुवारी १८१८. वाढदिवस १४ फेब्रुवारीला साजरा होतो' असं लिहिलं तर चार शब्द वाढतात आणि माहितीही खरी राहते.

तारीख शोधायची तर कुठे

अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. पहिल्या रकान्यात मालकाचं नाव. त्यापुढे माणसामागे एक ओळ: वय, लिंग, रंग, पळून गेलेला आहे का, मुक्त केलेला आहे का, आंधळा-बहिरा किंवा वेडा आहे का. एवढे रकाने आखूनही गुलामाच्या नावासाठी मात्र रकाना नाही. मेरीलँडमधल्या एखाद्या मालकाच्या नावाखाली '३५, स्त्री, काळी' अशी ओळ सापडते. ती बाई कोण, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. बहुसंख्य कृष्णवर्णीय माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये, गुलामी संपल्यावर पाच वर्षांनी. वंशावळ शोधणारे १८७० ला भिंत म्हणतात, कारण तिथवर माग लागतो आणि पुढे तुटतो.

१८७० नंतरच्या वयांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. दारात आलेल्या गणकाला घरात जो भेटेल तो उत्तर द्यायचा, कधी शेजारीही द्यायचा. जन्मतारीख माहीत नसलेला माणूस वय अंदाजे सांगतो, आणि अंदाज बहुतेक वेळा ३०, ४०, ५० अशा गोल आकड्यावर येऊन थांबतो. एकाच माणसाचं वय दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत सहानंच वाढलेलं किंवा चौदानं वाढलेलं दिसलं तर दचकू नये. १९०० ची जनगणना जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष विचारलं होतं. शिवाय १८६५ ते १८७४ या काळात मुक्त झालेल्या गुलामांसाठी चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेपुस्तकांत वय, जन्मगाव आणि नातेवाइकांची नावं सापडतात. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या, घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानांवरच्या नोंदी, १९१७-१८ मधली सैन्यभरतीची कार्डं हेही पाहण्याजोगं.

एक गोष्ट सतत लक्षात ठेवायची: ते वय सांगताना माणसाचा कशात फायदा होता? गुलामी राखू पाहणारी दक्षिणेतली राज्यं आणि उत्तर यांच्यातल्या यादवी युद्धात (१८६१-६५) सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूनं लढले. १९०७ च्या कायद्यानं त्या युद्धातल्या निवृत्त सैनिकांचं पेन्शन थेट वयाला जोडलं: ६२ पूर्ण असतील तर महिना १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०. गोऱ्या सैनिकाकडे निदान चर्चची किंवा घरच्या बायबलमधली नोंद असण्याची शक्यता होती. गुलामीत जन्मलेल्या सैनिकाला मात्र जुन्या मालकाच्या घरच्यांचं नाहीतर सोबत वाढलेल्या कुणाचं तरी शपथपत्र आणावं लागायचं. त्यामुळे पेन्शनच्या फायलींत 'अमक्या मालकाच्या मुलाच्या जन्माच्या वर्षी मी जन्मलो' अशा धर्तीचे पुरावे भेटतात. शाळेच्या दाखल्यावर १ जून लावून घेतलेल्या आपल्याकडच्या पिढीला हा प्रकार काही परका वाटू नये.

गुलामीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी यावर थट्टेनं लिहिलं आहे: नक्की कुठे आणि कधी जन्मलो ते सांगता येत नाही, पण कुठेतरी, कधीतरी जन्मलो असणार एवढं नक्की. आज त्यांचा जन्मदिवस ५ एप्रिल १८५६ मानतात.

स्वतः गुलामीतून पळून जाऊन इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्याबाबतीत तर वहीतली ओळही जन्माची नाही, खर्चाची आहे. १५ मार्च १८२२ ला मेरीलँडच्या डॉर्चेस्टर काउंटीतल्या अँथनी थॉम्पसन या मालकानं त्यांच्या आईच्या बाळंतपणासाठी सुईणीला २ डॉलर दिल्याचं लिहिलेलं आहे. त्यावरून अभ्यासक त्यांचा जन्म मार्च १८२२ च्या आसपास धरतात आणि २०२२ मध्ये द्विशताब्दी झाली ती याच आधारावर. तरी '१८२०', '१८२१', '१८१५' ही सालंही छापील मजकुरात भेटतात, कारण त्यांना स्वतःला नक्की साल माहीत नव्हतं आणि वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं लागलं. वाढदिवसाचा दिवसच नसल्यामुळे हॅरिएट टबमन दिन १० मार्चला असतो. त्या १९१३ साली ज्या दिवशी वारल्या, तो हा दिवस. शेंगदाण्याच्या शेकडो उपयोगांसाठी ओळखले जाणारे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचंही तसंच. जन्म १८६४ च्या सुमाराचा, गुलामीतला. म्हणून स्मरण ५ जानेवारीला, म्हणजे १९४३ मधल्या मृत्यूच्या दिवशी. या दोन तारखांना 'यांचा जन्म' असं लिहून टाकलेली पत्रकं दरवर्षी फिरतात.

जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग यांची गोष्ट उलटी. ते गुलामीनंतरच्या न्यू ऑर्लिन्समधले. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असं ते आयुष्यभर सांगत आले. सैन्यभरतीच्या कार्डावरही तेच आहे. देशाचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचं गोल वर्ष, अशी ती देखणी तारीख होती. ते १९७१ मध्ये वारले. १९८० च्या दशकात टॅड जोन्स या संशोधकाला न्यू ऑर्लिन्सच्या एका कॅथलिक चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद सापडली: जन्म ४ ऑगस्ट १९०१, बाप्तिस्मा २५ ऑगस्टला. बाप्तिस्मा एकवीस दिवसांत झालेला असल्यामुळे ही नोंद भरवशाची आहे. जन्माच्या इतक्या जवळ लिहिलेल्या कागदाला, सतरा वर्षांनी स्वतः भरलेल्या कार्डापेक्षा जास्त वजन द्यायचं, हा संशोधनातला साधा नियम आहे. न्यू ऑर्लिन्सचा आर्मस्ट्राँग महोत्सव आता ऑगस्टच्या सुरुवातीला होतो. न्यू यॉर्कमधलं कोलंबिया विद्यापीठाचं रेडिओ केंद्र मात्र ४ जुलै आणि ४ ऑगस्ट या दोन्ही दिवशी आर्मस्ट्राँग यांचं संगीत लावतं. तिथी-तारखेवरून शिवजयंती दोनदा पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

फेब्रुवारीच का

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहास महिना म्हणून पाळतात. 'आम्हाला वर्षातला सर्वांत छोटा महिना दिला' हा कृष्णवर्णीयांचा विनोद अमेरिकेत दर फेब्रुवारीत होतो. विनोद म्हणून झकास, पण खरं पाहिलं तर महिना कुणी दिलेला नाही. दोन वाढदिवसांनी तो ठरवला.

कार्टर वुडसन हे १९ डिसेंबर १८७५ ला व्हर्जिनियात जन्मले. आईवडील पूर्वी गुलामीत होते. तरुणपणी वुडसन कोळशाच्या खाणीत राबले आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून इतिहासात डॉक्टरेट घेतली. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकन, पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, १८९५ मध्ये. सप्टेंबर १९१५ मध्ये वुडसन यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये 'निग्रो हिस्टरी वीक' म्हणजे कृष्णवर्णीय इतिहासाचा आठवडा सुरू केला.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा आणि डग्लस यांचा मानलेला दिवस १४ फेब्रुवारी. कृष्णवर्णीय वस्त्या, चर्च आणि शाळा हे दोन्ही दिवस आधीपासूनच पाळत होत्या. वॉशिंग्टन शहराच्या शिक्षण मंडळावर असलेल्या मेरी चर्च टेरेल यांनी तिथल्या कृष्णवर्णीय शाळांमध्ये १८९७ पासून डग्लस दिन सुरू करवला होता. वुडसन यांनी नवी तारीख रुजवण्याचा खटाटोप केला नाही, जिथे लोक आधीच जमत होते तिथेच अभ्यास नेऊन ठेवला. मला हा निर्णय त्यांच्या साऱ्या ग्रंथांइतकाच हुशारीचा वाटतो. संस्था दरवर्षी एक विषय जाहीर करायची आणि शाळांना धडे, चित्रं, छोट्या नाटिका पुरवायची. वर्षभर जे शिकलं ते या आठवड्यात मांडायचं, अशी कल्पना होती. आज नेमकं उलटं होतं: जे काही होतं ते फेब्रुवारीतच, आणि मार्च उजाडला की पोस्टर खाली.

एका आठवड्याचा महिना विद्यार्थ्यांनी केला. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात १९७० मध्ये पूर्ण महिना साजरा झाला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशपातळीवर मान्यता दिली. ब्रिटनमध्ये हाच महिना १९८७ पासून ऑक्टोबरमध्ये असतो. लंडन आणि न्यू जर्सी इथल्या दोन चुलत भावंडांचे प्रकल्प वेगवेगळ्या महिन्यांत का येतात, याचं उत्तर एवढंच.

किंग यांचा सोमवार

मार्टिन लूथर किंग यांच्या जन्माबद्दल कसलीही शंका नाही: १५ जानेवारी १९२९, अटलांटा, ऑबर्न अव्हेन्यूवरचं घर. घोळ असलाच तर नावात आहे. जन्माच्या वेळी नाव मायकल होतं. वडील १९३४ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर बापलेक दोघंही 'मार्टिन लूथर' झाले. जन्मदाखल्यावरची दुरुस्ती मात्र थेट १९५७ मध्ये झाली.

४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली. चारच दिवसांनी अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य जॉन कॉनियर्स यांनी किंग यांच्या वाढदिवसाच्या सुट्टीचं विधेयक मांडलं. त्याला कायदा व्हायला पंधरा वर्षं लागली. १९७९ मध्ये प्रतिनिधीगृहात २५२ विरुद्ध १३३ मतं पडली आणि तरीही विधेयक पडलं, कारण ते अशा पद्धतीनं मांडलं होतं की दोनतृतीयांश मतं लागत होती. एकूण ३८५ मतांचे दोनतृतीयांश म्हणजे २५७. पाच मतं कमी पडली. मग स्टीव्ही वंडर यांनी या मागणीसाठी वाढदिवसाचं एक गाणं केलं, सभा झाल्या, साठ लाख सह्या गोळा झाल्या. कृष्णवर्णीय घरांत केक कापताना हेच गाणं आज सर्रास म्हटलं जातं आणि लहानग्यांना त्याचं मूळ ठाऊकही नसतं.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं खर्चाचं होतं: केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणखी एक भरपगारी सुट्टी, तीही आठवड्याच्या मधेच कधीतरी. इंडियानाच्या केटी हॉल यांनी १९८३ मध्ये आणलेल्या विधेयकात सुट्टी १५ तारखेऐवजी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी ठेवली आणि या आक्षेपातली हवा काढली. प्रतिनिधीगृहात ३३८ विरुद्ध ९०, सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २२, आणि २ नोव्हेंबर १९८३ ला रेगन यांची सही. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ला झाली.

तिसरा सोमवार १५ ते २१ याच तारखांत येऊ शकतो. कॅलेंडर हाताशी नसेल तर १ जानेवारीचा वार बघा. सोमवार असेल तर सुट्टी १५ ला, मंगळवार असेल तर २१ ला, बुधवारी २०, गुरुवारी १९, शुक्रवारी १८, शनिवारी १७, रविवारी १६. म्हणजे २०२६ मध्ये १९, २०२७ मध्ये १८, २०२८ मध्ये १७. सुट्टी आणि खरा वाढदिवस एकाच दिवशी यायला वर्षाची सुरुवात सोमवारी व्हावी लागते. २०१८ आणि २०२४ मध्ये तसं झालं. पुढचं वर्ष २०२९, आणि ती किंग यांची जन्मशताब्दी. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नशिबी हाही योग नाही. जन्म २२ फेब्रुवारीचा, सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी, आणि तिसरा सोमवार २१ च्या पुढे जातच नाही.

केंद्राचा कायदा केंद्राच्या कार्यालयांपुरता असतो. राज्यं आपापल्या सुट्ट्या ठरवतात. ॲरिझोनात १९८७ मध्ये राज्यपालांनी आधीच जाहीर झालेली सुट्टी रद्द केली. १९९० च्या सार्वमतातही ती नापास झाली, तेव्हा अमेरिकी फुटबॉलच्या संघटनेनं १९९३ चा अंतिम सामना तिथून कॅलिफोर्नियाला हलवला. १९९२ मध्ये मतदारांनी सुट्टी मंजूर केली. पन्नासही राज्यांत ती लागू व्हायला २००० साल उजाडलं. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत त्याच सोमवारी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचीही जयंती अधिकृतपणे असते, कारण त्यांचा जन्म १९ जानेवारीचा. गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचा सेनापती आणि किंग, सरकारी यादीत एकाच ओळीत! आर्कान्सानं ही जोडगोळी २०१७ मध्ये फोडली.

रोझा पार्क्स यांच्या बाबतीत राज्यांनी वाढदिवस आणि प्रसंग यांतून निवड केली आहे. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९१३ चा. कॅलिफोर्निया तो पाळतं. ओहायो १ डिसेंबर पाळतं, कारण १९५५ मध्ये त्या दिवशी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा न सोडल्याबद्दल त्यांना अटक झाली होती. दोन्ही बरोबर. फोटो मात्र जपून लावा. ७०५३ क्रमांकाची पाटी हातात धरलेला त्यांचा प्रसिद्ध फोटो त्या अटकेचा नाही. तो फेब्रुवारी १९५६ चा आहे, त्यानंतरच्या बस-बहिष्काराच्या चळवळीत अनेकांना एकदम पकडलं तेव्हाचा. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या पार्क्स आणि मागच्या बाकावरचा गोरा माणूस हा फोटो त्याहूनही नंतरचा, २१ डिसेंबर १९५६ चा. तो ठरवून काढलेला आहे आणि मागचा माणूस पत्रकार आहे.

आपल्याकडचे धागे

२३ फेब्रुवारी हा ड्यू बॉइस यांचा वाढदिवस (१८६८, मॅसॅच्युसेट्स). गुलामी संपल्यानंतर आणि दक्षिणेबाहेर जन्मल्यामुळे इथे तारखेचा प्रश्नच नाही. मराठी वाचकानं हा दिवस लक्षात ठेवावा, कारण १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत असल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर धाडलं. त्याच्या बऱ्याच आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना.

उलट दिशेचा धागा अलीकडचा. कृष्णवर्णीय इतिहास महिन्यावरून स्फूर्ती घेऊन २०१५ पासून एप्रिलमध्ये दलित इतिहास महिना पाळला जातो. महिना निवडायची रीतही वुडसन यांच्यासारखीच: १४ एप्रिलला लोक जमतातच, आणि ११ एप्रिलला फुल्यांची जयंती असते.

काय करता येईल

व्यक्ती निवडताना किंग, पार्क्स, टबमन हीच नावं दरवर्षी येतात. शाळेतल्या मुलाला प्रकल्प असेल तर वुडसन किंवा मेरी चर्च टेरेल घ्या. वर्गातली इतर मुलं तेच ते करत असतात, त्यात हा वेगळा उठून दिसतो आणि मुलाला फेब्रुवारी का, हेही कळतं. फलकावर तीन गोष्टी पुरतात: तारीख आणि ती कशावरून ठरली, एक अस्सल कागद किंवा फोटो (कधीचा आणि कुठला हे लिहून), आणि त्या माणसानं केलेलं एक काम तपशिलात. कार्व्हर यांनी पीनट बटरचा शोध लावला, हे वाक्य कुठेही दिसलं तर गाळा. ते त्यांच्या आधीपासून होतं. १८८४ चं एक पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांच्या नावावर आहे.

घरबसल्या खरोखर काही हातभार लावायचा असेल तर डग्लस दिन सर्वांत सोयीचा. १४ फेब्रुवारीच्या सुमारास ठिकठिकाणचे गट एकत्र बसून कृष्णवर्णीय इतिहासाचे जुने हस्तलिखित कागद टंकित करतात, म्हणजे ते शोधता येतात. २०२४ मध्ये डग्लस यांचा पत्रव्यवहार घेतला होता. कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. इंग्रजी वाचता येणं आणि एक लॅपटॉप एवढं पुरतं. मोबाइलवर पान मोठं करून वाचता येतं, पण टाइप करताना जीव जातो.

अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या अशा प्रकल्पांचे नियम सोपे आहेत आणि चुका नेमक्या तिथेच होतात. जे दिसतं तेच टाइप करायचं. जुनं किंवा चुकीचं स्पेलिंग सुधारायचं नाही. ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाजानं शब्द बसवायचा नाही. लिहिणाऱ्यानं खोडलेला मजकूरही कंसात ठेवायचा. नंतर दुसरा स्वयंसेवक पान तपासतो, म्हणून अडलं तर अर्धं सोडायलाही हरकत नाही. आठ-दहा जण जमणार असतील तर दोघांत एक पान द्या: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. १९ व्या शतकातल्या अक्षराच्या एका पानाला सुरुवातीला अर्धा तास सहज जातो. पहिल्या ओळीतली तारीख आणि गावाचं नाव आधी लावून घ्या. त्या माणसाचं 'स', 'र', 'न' साठीचं वळण एकदा हाताला लागलं की पुढच्या ओळी भराभर सुटतात. दुहेरी 'एस' मधला पहिला लांब असतो आणि 'एफ'सारखा दिसतो. नवखे हमखास तिथेच अडतात.

केकही असतो. डग्लस दिनाला केक करण्याची आणि त्याचे फोटो टाकण्याची चढाओढ चालते. आल्याचा केला तर कारण सांगता येतं.